कर्करोगाच्या आनुवंशिक जोखमीची चाचणी आणि कुटुंबावरील भावनिक परिणाम

कर्करोगाच्या आनुवंशिक जोखमीची चाचणी म्हणजे एखाद्या व्यक्तीला जन्मतः मिळालेल्या जनुकांमध्ये कर्करोगाची शक्यता वाढवणारा बदल आहे की नाही, हे रक्ताच्या किंवा लाळेच्या नमुन्यावरून तपासणे होय. ही चाचणी कर्करोगाचे निदान करत नाही. तो पुढे होण्याची शक्यता किती आहे, याचा अंदाज देते. नमुना एका व्यक्तीचा असला, तरी तिचा निष्कर्ष आई-वडील, भावंडे, मुले आणि दूरचे रक्ताचे नातेवाईक यांनाही लागू पडू शकतो. त्यामुळे भीती, अपराधभाव, सुटकेची भावना आणि नात्यांतील ताण हे तिचे परिणाम एका व्यक्तीपुरते राहत नाहीत. निष्कर्ष काय आला याबरोबरच तो कुटुंबातील कोणाचा आला आणि तो इतरांना कसा सांगितला गेला, यांवरही या परिणामांचे स्वरूप ठरते.

पार्श्वभूमी

बहुसंख्य कर्करोग आनुवंशिक नसतात. पेशींमध्ये आयुष्यभरात साचत गेलेल्या जनुकीय बदलांमुळे ते होतात. सुमारे ५ ते १० टक्के कर्करोगांच्या मुळाशी मात्र आई किंवा वडील यांच्याकडून आलेला एखाद्या जनुकातील दोष असतो. त्यांपैकी सर्वाधिक अभ्यासलेली जनुके बीआरसीए१ आणि बीआरसीए२ ही आहेत. पेशीतील डीएनएची मोडतोड दुरुस्त करणे हे त्यांचे काम असते. त्यांत रोगकारक बदल झाल्यास स्तन व अंडाशयाच्या कर्करोगाची जोखीम वाढते. पुरुषांमध्ये पुरःस्थ ग्रंथीच्या आणि क्वचित स्तनाच्या कर्करोगाची जोखीमही वाढते. लिंच संलक्षणात मोठे आतडे व गर्भाशयाचे अस्तर यांच्या कर्करोगाची, तर ली-फ्रौमेनी संलक्षणात लहान वयापासून अनेक प्रकारच्या कर्करोगांची शक्यता असते.

२०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासानुसार, वयाच्या ८० वर्षांपर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता बीआरसीए१ मधील दोष असलेल्या स्त्रियांमध्ये सुमारे ७२ टक्के आणि बीआरसीए२ मधील दोष असलेल्या स्त्रियांमध्ये सुमारे ६९ टक्के असते. अंडाशयाच्या कर्करोगासाठी हे प्रमाण अनुक्रमे सुमारे ४४ आणि १७ टक्के आढळले. अमेरिकेतील सर्वसाधारण स्त्रीमध्ये आयुष्यभरातील ही जोखीम स्तनासाठी सुमारे १३ टक्के, तर अंडाशयासाठी १ टक्क्याच्या आसपास आहे.

असा दोष असलेल्या व्यक्तीच्या प्रत्येक मुलाला किंवा मुलीला तो मिळण्याची शक्यता ५० टक्के असते. हा दोष आई किंवा वडील यांच्यापैकी एकाकडून आलेला असतो, म्हणून सख्ख्या भावंडांमध्येही तो असण्याची शक्यता ५० टक्के असते. दोष ज्या बाजूने आला त्या बाजूच्या मावशी-मामांमध्ये किंवा आत्या-काकांमध्ये ती ५० टक्के, तर त्यांच्या मुलांमध्ये २५ टक्के धरली जाते. वडिलांकडून आलेला दोष आईकडून आलेल्या दोषाइतकाच परिणामकारक असतो. त्यामुळे आत्याला झालेला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग भाचीच्या दृष्टीने मावशीच्या कर्करोगाइतकाच महत्त्वाचा असतो. प्रत्यक्षात वडिलांकडील इतिहासाकडे दुर्लक्ष होण्याचे प्रमाण अधिक आहे.

इतिहास

काही कुटुंबांत कर्करोग पिढ्यान्‌पिढ्या आढळतो, ही जाणीव जनुकांच्या शोधापेक्षा जुनी आहे. फ्रेंच शल्यविशारद पॉल ब्रोका यांनी १८६६ मध्ये स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक असलेल्या एका कुटुंबाचे वर्णन केले. १८९५ मध्ये अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठातील विकृतिशास्त्रज्ञ आल्ड्रेड वॉर्थिन यांना शिवणकाम करणाऱ्या एका स्त्रीने सांगितले, की तिच्या घराण्यातील बहुतेक लोक कर्करोगाने दगावले असून आपलाही मृत्यू त्यानेच होईल. पुढे तरुण वयातच तिचा गर्भाशयाच्या कर्करोगाने मृत्यू झाला. वॉर्थिन यांनी १९१३ मध्ये या घराण्याची माहिती प्रसिद्ध केली. ‘जी कुटुंब’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या घराण्याचा अभ्यास नंतर हेन्री लिंच यांनी पुढे नेला, आणि त्यातील दोष एमएसएच२ या जनुकात असल्याचे अखेरीस स्पष्ट झाले. आनुवंशिक जोखमीची भीती चाचणीमुळे निर्माण झालेली नसून ती अशा कुटुंबांत आधीपासूनच असते, हे या उदाहरणावरून दिसते.

१९९० मध्ये मेरी-क्लेअर किंग यांनी लहान वयात होणाऱ्या स्तनाच्या कर्करोगाशी निगडित जनुक १७व्या गुणसूत्रावर असल्याचे दाखवले. १९९४ मध्ये बीआरसीए१ आणि १९९५ मध्ये १३व्या गुणसूत्रावरील बीआरसीए२ या जनुकांची ओळख पटली. १९९६ पासून अमेरिकेत या जनुकांची चाचणी व्यावसायिक स्वरूपात उपलब्ध झाली. १३ जून २०१३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने नैसर्गिक डीएनएवर एकस्व घेता येणार नाही असा निकाल दिला. त्यानंतर अनेक प्रयोगशाळांनी ही चाचणी सुरू केली.

मे २०१३ मध्ये अभिनेत्री अँजेलिना जोली यांनी न्यू यॉर्क टाइम्समधील लेखात, आपल्यात बीआरसीए१ मधील दोष असून आपण दोन्ही स्तनांच्या ऊती काढून टाकण्याची प्रतिबंधक शस्त्रक्रिया करून घेतल्याचे जाहीर केले. त्यांच्या आईचे ५६व्या वर्षी कर्करोगाने निधन झाले होते, आणि मुलांना आता तशी भीती बाळगावी लागणार नाही, हा त्या लेखाचा मुख्य सूर होता. त्यानंतरच्या जून-जुलैमध्ये ब्रिटनमधील आनुवंशिकी केंद्रांकडे पाठवल्या जाणाऱ्या व्यक्तींची संख्या आधीच्या वर्षाच्या तुलनेत सुमारे अडीच पट झाली.

निष्कर्षांचे प्रकार

चाचणीचे उत्तर ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच असते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात चार प्रकारचे निष्कर्ष येऊ शकतात आणि प्रत्येकाचा भावनिक अर्थ वेगळा असतो.

रोगकारक बदल आढळणे: यानंतर धक्का, चिंता, झोप न लागणे, तसेच दिवंगत नातेवाइकांच्या आजारपणाच्या आठवणी जाग्या होणे हे अनुभव सामान्य आहेत. घरात एवढे कर्करोग का झाले याचे कारण कळल्याचे समाधानही काही जणांना मिळते.

खरा नकारात्मक निष्कर्ष: कुटुंबातील ज्ञात दोष त्या व्यक्तीत नाही, असा याचा अर्थ. तिची जोखीम साधारणपणे सामान्य लोकांइतकी असते. अशा वेळी निखळ आनंद अपेक्षित असतो. परंतु बहिणीत दोष आहे आणि आपण सुटलो, या जाणिवेतून अपराधभाव निर्माण होऊ शकतो. ‘मलाही कर्करोग होणार’ असे गृहीत धरून आयुष्याची आखणी केलेल्या व्यक्तीला तर ही सुटका स्वीकारण्यास वेळ लागतो.

निर्णायक नसलेला नकारात्मक निष्कर्ष: कुटुंबात कर्करोगाचा ठळक इतिहास असूनही कोणताही दोष सापडत नाही. अज्ञात जनुकातील दोषाची शक्यता उरत असल्याने जोखीम संपत नाही. हा निष्कर्ष खऱ्या नकारात्मक निष्कर्षासारखाच समजला गेल्यास खोटी निश्चिंती निर्माण होऊन नियमित तपासण्या थांबण्याचा धोका असतो.

अनिश्चित अर्थाचा बदल: जनुकात बदल आहे, पण तो रोगकारक की निरुपद्रवी हे ठरवण्याइतका पुरावा नाही. अशा बदलांपैकी बहुतेक बदल पुढे निरुपद्रवी ठरतात. मात्र त्याला वर्षे लागू शकतात. केवळ अशा बदलाच्या आधारे प्रतिबंधक शस्त्रक्रिया करू नये आणि नातेवाइकांची जोखीम ठरवू नये, असे वैद्यकीय मार्गदर्शन आहे.

कुटुंबातील स्थानानुसार परिणाम

प्रथम तपासलेली व्यक्ती: बहुतेक कुटुंबांत पहिली चाचणी कर्करोग झालेल्या व्यक्तीची केली जाते, कारण दोष सापडण्याची शक्यता तिच्यात सर्वाधिक असते. अंडाशयाच्या कर्करोगावरील ओलापरिब या औषधाला अमेरिकेत डिसेंबर २०१४ मध्ये मान्यता मिळाली. ते बीआरसीए दोष असलेल्या रुग्णांसाठी उपयुक्त असल्याने आता अनेक रुग्णांची चाचणी उपचार ठरवण्यासाठीच केली जाते. औषधाच्या निवडीसाठी रक्त दिलेल्या रुग्णावर, स्वतःच्या उपचारांचा त्रास सोसत असतानाच, नातेवाइकांना ही बातमी सांगण्याची जबाबदारी येते.

आई-वडील: आपल्यामुळे मुलांना हा धोका मिळाला, ही भावना पालकांमध्ये वारंवार आढळते. जनुके निवडून देता येत नाहीत हे ठाऊक असूनही तिची तीव्रता कमी होत नाही. मुलांचे निष्कर्ष येईपर्यंतचा काळ अनेक पालकांना स्वतःच्या निष्कर्षापेक्षा कठीण वाटतो.

भावंडे: दोन बहिणींपैकी एकीत दोष असणे आणि दुसरीत नसणे, यातून दुहेरी संकोच निर्माण होतो. एकीला आपली चिंता बोलून दाखवणे अवघड वाटते, तर दुसरीला आनंद व्यक्त करणे. काही कुटुंबांत भावंडे यामुळे अधिक जवळ येतात. आधीच ताणलेल्या नात्यांत मात्र अंतर वाढू शकते.

पुरुष: बीआरसीएला ‘स्त्रियांचा विषय’ मानले गेल्यामुळे पुरुष चाचणीसाठी कमी प्रमाणात पुढे येतात आणि कुटुंबातील चर्चेतूनही अनेकदा वगळले जातात. चाचणी करणाऱ्या पुरुषांचे प्रमुख कारण बहुधा मुलींची काळजी हे असते. स्वतःच्या भीतीविषयी ते कमी बोलतात. त्याचा अर्थ ती नसते असा होत नाही.

जोडीदार: जोडीदाराशी रक्ताचे नाते नसल्याने चाचणीच्या प्रक्रियेत त्याचे स्थान दुय्यम राहते. परंतु शस्त्रक्रिया, अपत्यप्राप्तीचे वेळापत्रक आणि मुलांना काय सांगायचे, या निर्णयांत तो थेट सहभागी असतो. जोडीदाराशी मोकळा संवाद असलेल्या व्यक्ती निष्कर्षाशी अधिक चांगल्या रीतीने जुळवून घेतात, असे आढळले आहे.

मुले: बीआरसीएशी संबंधित कर्करोग प्रौढ वयात होतात आणि बालपणी त्यावर कोणताही उपाय करायचा नसतो. म्हणून अल्पवयीन मुलांची ही चाचणी सहसा करत नाहीत. तो निर्णय मूल सज्ञान झाल्यावर त्याच्यावर सोडला जातो. याउलट, आनुवंशिक पॉलिप विकारात मोठ्या आतड्याची तपासणी साधारण १० ते १२ वर्षांच्या वयापासून करावी लागते आणि ली-फ्रौमेनी संलक्षणात बालपणीच कर्करोग होऊ शकतो. त्यामुळे या विकारांत मुलांची चाचणी योग्य मानली जाते.

माहिती सांगणे व न सांगणे

कुटुंबातील दोष कळल्यावर नातेवाइकांची एकामागून एक चाचणी करता येते. ज्ञात दोषच शोधायचा असल्याने ती अधिक सोपी, स्वस्त आणि निश्चित असते. परंतु आनुवंशिकी केंद्र सहसा नातेवाइकांशी थेट संपर्क साधत नाही. निरोप कुटुंबातूनच पोहोचावा लागतो.

तो सर्वांपर्यंत सारखा पोहोचत नाही. बहिणी आणि सज्ञान मुलींना लवकर सांगितले जाते. भाऊ, चुलत व आते भावंडे, आणि ज्यांच्याशी बोलणे बंद आहे असे नातेवाईक मागे राहतात. न सांगण्यामागे बहुधा दुष्टपणा नसतो. वृद्ध आईला धक्का बसू नये, बहिणीचे लग्न ठरत आहे, भावाची मुले लहान आहेत, योग्य वेळ येऊ दे, अशी संरक्षक कारणे त्यामागे असतात. मात्र योग्य वेळेची वाट पाहण्यात वर्षे गेल्यास, ज्या नातेवाइकाला वेळीच तपासणी करून घेता आली असती, त्याची ती संधी जाते. असा नातेवाईक पुढे आजारी पडल्यास ‘तुम्हांला ठाऊक होते’ हा आरोप कुटुंबात दीर्घकाळ राहतो.

उलट, प्रत्येकाला ही माहिती हवीच असते असेही नाही. युनेस्कोच्या १९९७ च्या मानवी जनुकसंच व मानवी हक्कांविषयीच्या जागतिक जाहीरनाम्यात, जनुकीय तपासणीचा निष्कर्ष जाणून घ्यायचा की नाही हे ठरवण्याचा प्रत्येकाचा हक्क मान्य केला आहे. कुटुंबात हा हक्क जपणे अवघड ठरते. आजीमध्ये दोष असेल आणि नातीने चाचणी करून तो आपल्यातही असल्याचे जाणले, तर मधल्या पिढीतील आईमध्येही तो आहे हे तिच्या इच्छेविना उघड होते. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाचा निष्कर्ष हा दुसऱ्याचाही निष्कर्ष असतो.

प्रतिबंधक निर्णयांचा भार

हंटिंग्टन रोगासाठीच्या पूर्वसूचक चाचणीत निष्कर्ष कळूनही प्रतिबंधाचा मार्ग उपलब्ध नव्हता. आनुवंशिक कर्करोगात तो असतो, आणि त्यामुळेच निष्कर्षानंतर निर्णय घ्यावे लागतात. बीआरसीए दोष असलेल्या स्त्रियांना साधारण २५व्या वर्षापासून दरवर्षी स्तनांची एमआरआय तपासणी सुचवली जाते. अंडाशय व बीजवाहिन्या काढण्याची शस्त्रक्रिया बीआरसीए१ मध्ये ३५ ते ४० आणि बीआरसीए२ मध्ये ४० ते ४५ या वयात, अपत्यप्राप्ती पूर्ण झाल्यावर सुचवली जाते. स्तनांच्या प्रतिबंधक शस्त्रक्रियेमुळे तेथील कर्करोगाची जोखीम सुमारे ९० टक्के किंवा त्याहून अधिक कमी होते. त्यामुळे चिंता घटली तरी शरीराविषयीची प्रतिमा, लैंगिक जीवन आणि अकाली रजोनिवृत्ती यांचे प्रश्न उभे राहतात. ज्यांना अद्याप जोडीदार नाही किंवा मूल हवे आहे, अशा तरुण स्त्रियांना वयाच्या या मर्यादा आयुष्याची घाई करणाऱ्या वाटतात.

आजारी नाही पण निरोगीही समजले जात नाही, अशा या अवस्थेसाठी अमेरिकेतील ‘फोर्स’ या रुग्णसंघटनेने ‘प्रीव्हायव्हर’, म्हणजे कर्करोग होण्यापूर्वीच त्याच्या जोखमीशी झुंजणारी व्यक्ती, हा शब्द रूढ केला. काही जोडपी दोष पुढच्या पिढीत जाऊ नये म्हणून गर्भरोपणापूर्वी भ्रूणाची चाचणी निवडतात. ब्रिटनमध्ये २००६ मध्ये यासाठी बीआरसीएचा समावेश मान्य झाला. प्रौढ वयात आणि तोही निश्चितपणे न होणाऱ्या आजारासाठी भ्रूण नाकारावा का, हा प्रश्न दोषासह जगणाऱ्या नातेवाइकांना स्वतःच्या अस्तित्वाविषयीचा वाटू शकतो.

संशोधन

चाचणी सुरू झाली तेव्हा निष्कर्षामुळे गंभीर नैराश्य येईल अशी भीती होती. अनेक अभ्यासांत तसे सरसकट आढळले नाही. दोष आढळलेल्या व्यक्तींची चिंता सुरुवातीच्या आठवड्यांत वाढते आणि साधारण वर्षभरात पूर्वपातळीवर येते. दोष नसलेल्यांची चिंता घटते. मात्र सरासरीमागे एक लहान गट लपलेला असतो. आधीपासून चिंता किंवा नैराश्य असलेल्या, लहान वयात आई गमावलेल्या, कुटुंबातील कर्करोगाचे मृत्यू जवळून पाहिलेल्या किंवा एकाकी व्यक्तींना अधिक व दीर्घ त्रास होतो. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, कर्करोगाविषयी आधीच तीव्र ताण असूनही निष्कर्ष जाणून घेण्यास नकार देणाऱ्यांमध्ये नैराश्याची लक्षणे वाढल्याचे दिसले. न जाणणे प्रत्येक वेळी मनःशांती देतेच असे नाही, असा त्याचा अर्थ लावला गेला.

सर्वसाधारण चिंता व नैराश्य मोजणाऱ्या प्रश्नावलींतून जनुकीय निष्कर्षाचे विशिष्ट परिणाम सुटतात. म्हणून २००२ मध्ये ‘मायक्रा’ ही स्वतंत्र प्रश्नावली तयार करण्यात आली. ती त्रास, अनिश्चितता आणि सकारात्मक अनुभव असे तीन घटक मोजते.

कायदेशीर बाजू

नातेवाइकांना सावध करण्याची जबाबदारी कोणाची, यावर न्यायालयांची मते भिन्न आहेत. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये, डॉक्टरांनी रुग्णाला आनुवंशिक धोक्याची कल्पना दिल्यास त्यांचे कर्तव्य पूर्ण होते असे म्हटले. १९९६ मध्ये न्यू जर्सीतील अपील न्यायालयाने मात्र हे कर्तव्य काही वेळा थेट नातेवाइकांपर्यंत जाऊ शकते असे मत दिले. फ्रान्समध्ये गंभीर आनुवंशिक दोष आढळलेल्या आणि प्रतिबंध किंवा उपचार शक्य असलेल्या व्यक्तीवर, संबंधित नातेवाइकांना कळवण्याचे कायदेशीर बंधन आहे. स्वतः सांगायचे नसल्यास तिला डॉक्टरांमार्फत कळवता येते.

भेदभावाची भीती हेही मौनाचे एक कारण आहे. अमेरिकेतील २००८ चा जनुकीय माहितीवरील भेदभावविरोधी कायदा आरोग्य विमा आणि नोकरी यांत संरक्षण देतो. आयुर्विम्याला तो लागू नाही. भारतात २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने हृदयविकाराच्या एका प्रकरणात, आरोग्य विम्यातून ‘जनुकीय विकार’ सरसकट वगळणारी अट भेदभाव करणारी ठरवली.

भारतातील स्थिती

महाराष्ट्रात मुंबईच्या टाटा मेमोरियल केंद्राशी संलग्न, नवी मुंबईतील खारघर येथील संशोधन केंद्रात कर्करोग आनुवंशिकीवर काम चालते. मोठ्या शहरांतील खासगी प्रयोगशाळांतही ही चाचणी होते. प्रशिक्षित आनुवंशिकी समुपदेशकांची संख्या मात्र देशाच्या लोकसंख्येच्या तुलनेत अतिशय कमी आहे.

भारतीय कुटुंबांत चाचणीचा निर्णय अनेकदा रुग्ण एकटी घेत नाही. पती, सासरची मंडळी, वडील किंवा मोठा भाऊ त्यात सहभागी असतात. यामुळे आधार व खर्चाची सोय मिळते, पण गोपनीयता राखणे कठीण होते. मुलीच्या लग्नात अडचण येईल या भीतीने निष्कर्ष लपवणे आणि दोषाचे खापर सुनेच्या माहेरावर फोडणे, हे येथील विशेष प्रश्न आहेत. विवाहित मुलींचे माहेरच्या वैद्यकीय माहितीशी नाते तुटत गेल्यास कुटुंबाचा इतिहासही अपुरा राहतो. पूर्वीच्या पिढीत कर्करोगाचे नाव न घेता ‘पोटाचा आजार’ किंवा ‘गाठ’ एवढेच सांगितले गेल्याने वंशावळ तयार करताना अनेक मृत्यूंचे कारण निश्चित करता येत नाही.

समुपदेशन

आनुवंशिकी समुपदेशन चाचणीपूर्वी आणि निष्कर्षानंतर अशा दोन टप्प्यांत केले जाते. पहिल्या टप्प्यात किमान तीन पिढ्यांची वंशावळ काढली जाते, संभाव्य निष्कर्ष समजावले जातात आणि प्रत्येक निष्कर्षानंतर व्यक्ती काय करील, कोणाला सांगेल, याचा विचार तिच्याकडून करवून घेतला जातो. निर्णय तिच्यावर लादला जात नाही. चाचणी पुढे ढकलणे हाही ग्राह्य पर्याय असतो. दुसऱ्या टप्प्यात निष्कर्षाचा अर्थ, तपासण्यांचे वेळापत्रक आणि गरज असल्यास मानसोपचाराची सोय यांवर भर असतो.

कुटुंबातील संवादासाठी अनेक केंद्रे नातेवाइकांना देता येईल असे पत्र तयार करून देतात. त्यात दोषाचे नाव, तो कोणाला लागू होऊ शकतो आणि चौकशी कोठे करावी, एवढीच माहिती असते. त्यामुळे वैद्यकीय तपशील अचूक सांगण्याचा भार रुग्णावर राहत नाही आणि वाचणाऱ्याला स्वतःच्या गतीने निर्णय घेता येतो. लहान मुलांशी त्यांच्या वयाला साजेशा शब्दांत टप्प्याटप्प्याने बोलावे असे सुचवले जाते, कारण घरात काहीतरी लपवले जात आहे हे मुलांच्या बहुधा लक्षात येते.

हे सुद्धा पहा

कर्करोग
स्तनाचा कर्करोग
आनुवंशिकता
जनुक
टाटा मेमोरियल रुग्णालय